खोलीची शांतता

टोरोंटोत न्यूयॉर्क उभं करायला फार काही लागत नाही.
चार पिवळ्या टॅक्सी, वाफ सोडणारं एक गटार,
आणि फेब्रुवारीत झाडाला तारेने बांधलेली एप्रिलची फुलं.
मी बूम धरते. अठरा वर्षं
दुसऱ्यांच्या प्रेमाच्या डोक्यावर वीतभर
माझा माइक,
सावली पडू न देता.

त्या दिवशी कॅफे होता. दृश्य एकसष्ट.
नायक-नायिका खिडकीपाशी. उजेड त्यांचा.
सहायक दिग्दर्शक यादी घेऊन आला, म्हणाला,
तीन नंबरच्या टेबलावर जरा रंग हवाय.
म्हणून मारिविक आली, स्कारबरोहून, दोन बस बदलून,
नर्सचा पोशाख पिशवीत घेऊनच,
तिला बहुधा तोच लागतो.
आणि तेस्फाय, जो अस्मारात भूगोल शिकवायचा
आणि इथे रात्रीचं पार्किंग सांभाळतो.
मग मॉनिटरमागून कोणीतरी म्हणालं,
रंग जरा जास्त झाला.
टेबल दीड फूट मागे.

नायिकेची मैत्रीण फोलाशादे करत होती.
सल्ला तिचा, विनोद तिचे,
नायिकेला रडू आलं की रुमालही तिचाच.
अख्ख्या पटकथेत तिला घर नव्हतं.
जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं,
रात्री जातेस कुठे तू?
म्हणाली, पुढच्या दृश्यात.

मागच्या माणसांनी बोलायचं, पण आवाज नाही.
ओठ हलवायचे, मान डोलवायची,
कपात कॉफीच्या रंगाचं गार पाणी.
बोलाचीसुद्धा कढी नाही, नुसती ओठांची.
पहिल्या टेकला मारिविक आकडे म्हणत होती,
एक ते वीस, तागालोगमध्ये.
तो तिग्रिन्यात नद्यांची नावं.
चौथ्या टेकला तिने कपाकडे बघून नाक मुरडलं.
सातव्याला त्याने बोटाने टेबलावर
एक किनारा काढला, बराच लांब,
आणि ती वाकून बघत राहिली.
खिडकीपाशी नायक अजून "मला तू"वर अडत होता.
अकराव्यांदा कट झालं
आणि तीन नंबरचं टेबल थांबलंच नाही.
ओठ हलत होते. आवाज नव्हता.
तसं आता कोणी सांगितलं नव्हतं.

मग माझं काम.
दृश्य संपलं की खोलीची शांतता घ्यायची, अर्धा मिनिट.
प्रत्येक खोलीची वेगळी असते, उसनी चालत नाही.
शब्दांमधली भोकं नंतर तिनेच बुजवतात.
फ्रीज बंद. हीटर बंद. अडतीस माणसं जागच्या जागी.
एकविसाव्या सेकंदाला तेस्फायचं पोट
गंजल्या बिजागरीसारखं
सावकाश, लांबत, कुरकुरलं
आणि मारिविक हसली.
नाकातून. फुटलीच.
हेडफोनखाली माझे दोन्ही कान गरम झाले.
परत घ्यायचं का, लांबून कोणी खुणेने विचारलं.
मी अंगठा वर केला.
स्वच्छ आहे म्हटलं.
अठरा वर्षांत कामात पहिलं खोटं.

सिनेमा ऑगस्टमध्ये लागला.
मंगळवारची दुपार, मॉलमधलं थिएटर, आम्ही नऊ जण.
मारिविकचा एक कान दिसतो नायिकेच्या खांद्यामागे.
तेस्फायची बाही दिसते, निळी.
फोलाशादे पुढच्या दृश्यात गेली ती गेलीच.
मग त्या खिडकीपाशी चुंबन. संगीत थांबतं.
तिथे शांतता हवी असं दिग्दर्शकाला वाटलं असणार,
आणि ती माझी होती, मी ओळखते माझ्या खोल्या.
एडिटरने पोट पुसून टाकलं होतं.
हसू मात्र
बहुतेक त्याला श्वास वाटला. नायिकेचा.

पुढच्या रांगेतल्या बाईचा हात पॉपकॉर्नमध्ये थांबला.
कोण हसलं, तिने शेजाऱ्याला विचारलं.
कुठे कोण, तो म्हणाला.
ती मात्र त्या दोघांच्या मागे शोधत राहिली,
टेबल एक,
टेबल दोन.