शेवटचा ठोका

आम्हा ओखूंच्या बोलीत नाम कुणीही एकट्यानं आपटावं,
शेपटीनं, बर्फावर. दगड. मासा. मी.
क्रियापदाचं तसं नाही.
ते समोरच्यानं वाजवायचं, तुम्ही फक्त शेवटचा ठोका द्यायचा,
नाहीतर घडलं ते घडलेलंच नाही.

म्हणून आमच्यात खोटं बोलायलाही दोघं लागतात,
आणि चोरी कबूल करायची तर
ज्याचा मासा गेला
त्याच्याच बिळासमोर जाऊन बसावं लागतं.

हुम्री तीन हिवाळे पलीकडच्या काठावर अडकली.
परतली तेव्हा शेपटीला घट्टा पडलेला.
तिथे समोर कडा होता म्हणे,
पण कडा उशिरा उत्तर देतो
आणि प्रत्यय खातो.

रात्रभर ती आपटत राहिली.
शेवाळ, मी.
आम्ही म्हणालो, खाल्लं. तिनं ठोका दिला.
वादळ, बीळ.
बुजवलं. ठोका.
दोन्ही चंद्र, मी. इथे जरा वाद झाला.
पाहिले, म्हणालो आम्ही सगळे;
म्हातारा इस्केट एकटाच म्हणाला, मोजले.
तिनं ठोका दिला तो इस्केटला.

मग, पिल्लू. मी.
आणि शेपूट वरच धरून ठेवली.

काय ते आम्हाला ठाऊक होतं.
कुणाची शेपूट हलेना.
माझ्या मिश्यांवर दहिवर गोठलं.

तेवढ्यात थेम, अजून दात न फुटलेला,
ज्याला सगळी मिळून दोन क्रियापदं येतात,
सहाही पायांनी धडपडत मध्ये घुसला
नि त्यातलं एक वाजवलं:
चाटलं.

व्याकरणात बसत होतं.
हुम्रीनं शेपूट खाली आणली.