आटे

मगदूमांच्या आयफोनने रात्री दीड वाजता
चार्जिंगला लावलेला असताना
स्वतःच नवी सिस्टीम घेतली.
सकाळी माझा सेकंडहँड मॅक म्हणाला,
ह्याला मी ओळखत नाही.

नव्या फोनला नवं एक्सकोड हवं,
नव्या एक्सकोडला नवी मॅकओएस,
आणि मॅकचं वय दोन वर्षांपूर्वीच थांबलेलं.
एक लायब्ररी पायरीभर खाली आणली
तर दुसरी रुसली.
कॅश पुसली. सगळं उडवून परत टाकलं.
एकदा नुसतीच रडले, त्यानंही बिल्ड झालं नाही.
उद्या सांगलीच्या यार्डात हळदीचा सौदा,
वजनं अजून वहीत.

पप्पा कुपवाडहून दुसरी पाळी करून आले,
हाताला कटिंग ऑइलचा वास.
"काय अडलंय?"
सांगितलं. इंग्रजी शब्द गाळल्यावर
फारसं काही उरलं नाही.
"म्हणजे आटे जुळंनात.
मग आवळत कशाला बसलीस?
मिलिमीटरच्या बोल्टला इंची नट
दोन फेरे बसतो की,
तेवढ्यावरच माणूस फसतो."

दोन फेरे.
माझं बिल्डही रोज तिथवर जायचं.

मग कॅलेंडरच्या पाठीवर लिहून काढलं
कुणाला कोण चालतं, कुठल्या आकड्यापर्यंत.
पहाटे चारला मगदूमांना मेसेज:
जुना फोन आहे का घरात, कधीच अपडेट न केलेला?

वहिनींचा निघाला. काच तडकलेली,
चार्जिंगच्या भोकात हळद.
काडीनं कोरून काढली.
ॲप उघडलं.
पहिलं पोतं,
एक्कावन्न किलो आठशे.