हातचा

आमच्या ऑफिसात एक शब्द आहे: वितळणं.
मे महिन्यात "येतो" म्हणालेली मुलं
ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी दिसत नाहीत,
त्याला म्हणतात.
निम्मं वर्ष बर्फात काढणाऱ्या आमच्या गावाला
वितळण्याचीच धास्ती.

यंदा नव्या मुलांचे होकार एकशे सदतीस.
राजधानीहून मंडळाचं पत्र आलंय:
एकूण पट चारशेच्या खाली गेला
तर नदीकाठच्या या कॉलेजचा "फेरविचार" होईल.
पत्रात एकही स्वल्पविराम चुकलेला नाही.

म्हणून जुलैभर मी फोन लावते.
कुणाची आई उचलते, कुणाकडे नुसता कुत्रा भुंकतो,
कुणी सांगतं, ती गेली पोर्टलंडला, हॉटेलात लागली,
आणि मी "बरं झालं" म्हणते.
दुसरं काय म्हणायचं.

रेजिस सिर लाकडाच्या गिरणीतून बोलतो.
मागे करवत चालू.
शुल्क नऊ हजार सहाशे, मी सांगते,
त्यातून अनुदान सात हजार तीनशे जाता
राहिले दोन हजार तीनशे. पुस्तकांचे सहाशे धर.
"आणि टायर?"
घरापासून कॉलेज बत्तीस मैल, तेवढेच परत,
नोव्हेंबरात त्या वळणांवर गुळगुळीत टायर
कुणाच्या मुलाला लावू म्हणावं?
माझ्या तक्त्यात टायरांना रकाना नाही.
त्याच्या बापाच्या खांद्यालाही नाही,
जो जूनमध्ये कापून शिवलाय,
आणि ज्याच्या वाटच्या फळ्या सध्या रेजिस रचतो,
तासाला सतरा डॉलर.

"बघतो," तो म्हणतो.
सत्तावीस वर्षांत "बघतो"चा अर्थ मला पाठ झालाय.
तरी त्याच्या नावापुढे पेन्सिलीनंच फुली मारते,
पुसता येईल इतकी.

एक गोष्ट मी फोनवर सांगत नाही.
याच यंत्रात माझंही नाव आहे.
एक सत्र, एक्क्याण्णव सालचं,
भूगोलात चांगले गुण, रसायनात कसेबसे,
आणि खाली लाल अक्षरांत: येणे बाकी, दोनशे बारा.
एवढे पैसे कधीच भरता आले असते.
हिवाळी बुटांवर याहून जास्त घालवलेत मी.
पण ती बाकी होती तोवर
"डोरीननं कॉलेज सोडलं" असं
कुणाला म्हणता येत नव्हतं,
निदान मला.

सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी, दिवेलागणीला,
रेजिस आला. बाहीवर भुसा, पायात लोखंडी टोकाचे बूट.
एकच विषय घेतला, हिशेबशास्त्र, संध्याकाळचा वर्ग.
दारातून वाकून आला इतका उंच मुलगा,
पण मंडळाच्या गणितात एका विषयाचा माणूस
पाव धरतात.
मी टाइप केलं: शून्य पूर्णांक पंचवीस.
उरलेला पाऊण रेजिस
सकाळी सहाला गिरणीवर हजर असतो.

ऑक्टोबरच्या पंधराला पट मोजला.
तीनशे अठ्ठ्याण्णव आणि पाव.
पुन्हा मोजला. तेवढाच.
शाळेत बेरजेत हातचा विसरायची मी,
तेव्हा सिस्टर क्लोटिल्ड तो तळव्यावर
निळ्या शाईनं लिहून द्यायची,
आणि जेवताना मी मूठ उघडायची नाही,
पुसला जाईल म्हणून.

दुपारी डबा न उघडताच
मी जिना उतरून फीच्या खिडकीशी गेले.
सुट्ट्या नोटा मोजून ठेवल्या. दोनशे बारा.
जानेवारीच्या सत्राचा एक फॉर्मही मागितला,
संध्याकाळच्या वर्गांचा.
खिडकीतली कोलीन चष्मा वर करत म्हणाली,
"कुणाचं खातं गं?"
तिच्या शेजारच्या खुर्चीवर मी तिच्यासाठी
कित्येक वर्षं केक आणून ठेवलेत.

मी लग्नाआधीचं आडनाव सांगितलं,
एकेक अक्षर सुटं करून.