फक्कीची खोली

आरडी पिकली, तेव्हा मी पोस्टाच्या खिडकीच्या आत होते.
पाच वर्षं गावाच्या पैशावर शिक्के मारले,
त्यात एक खातं माझंही होतं, देवानंदला न सांगितलेलं.
सांगितलं, तेव्हा तो ग्राइंडर बंद करून म्हणाला,
"जहाज? आपल्याले तं वर्धा नदीतला डोंगाच माहीत."

अमरावतीचा एजंट फोनवर खोल्या सांगतो.
आतली म्हणजे खिडकीच नाही, स्वस्त.
मग गोल काचेची. मग बाल्कनीवाली,
तिची किंमत त्यानं आवाज उतरवून सांगितली,
कोणाकडे कोणी वारलं हे सांगावं तशी.
चौघं असाल तर वरचे दोन पलंग भिंतीतून निघतात,
दिवसा पुन्हा भिंतीत जातात.
संघदीपनं विचारलं, "मी झोपलो असताना गेले तं?"

संध्याकाळी देवानंदनं टेप काढला
आणि अंगणात फक्कीनं खोली आखली.
एकशे साठ चौरस फूट, दार बकऱ्यांच्या खोपीकडे,
निंबाच्या बुडाशी न्हाणी,
आणि तुरीची धसकटं उभी असलेल्या वावराकडे
दीड पाऊल बाल्कनी.
शेजारची निर्मलाबाई रेषेबाहेर थांबली.
"येऊ का व अंदर?"

मला बाल्कनी हवी होती.
गजाच्या आतून आजवर माणसंच पाहिली,
एकदा गजाला टेकून
समोर कोणीच नसलेलं पाहायचं होतं.

देवानंद त्या गजांवरच अडला.
परतवाड्यापासून मोर्शीपर्यंत
किती गॅलऱ्यांना त्यानं कठडे लावलेत,
दोन गजांत चार बोटं, त्याहून जास्त नाही.
दुसऱ्याच्या कठड्यात एकदा एका पोराचं डोकं अडकलं,
रात्री साडेअकराला हा हॅक्सॉ घेऊन गेला होता.
"जहाजाचा कठडा कोणं बनवला, कोणाले माहीत?"

आमूचं वेगळंच. चिखलदऱ्याच्या घाटात
एसटीच्या मागच्या सीटवर ती तीनदा ओकली,
म्हणून तिला जहाजाचा मधला भाग पाहिजे.
"अन् खालचा मजला. झाडाचा शेंडाच जास्त हालते."
एजंट म्हणाला, ताई, मुलगी हुशार आहे,
आणि मधल्या खोल्यांचे वेगळे पैसे सांगितले.

उकाड्यात आम्ही तसेही अंगणातच झोपतो.
त्या रात्री रेषेच्या आत झोपलो.
चार गाद्या टाकल्यावर पाय ठेवायला वीतभर जागा उरली नाही.
संघदीप लोळत लोळत भिंतीतून बाहेर गेला,
आमूनं पाय धरून आत ओढला,
दाराला कडी नाही म्हणून तिथं चपला लावल्या.
मी पडल्या पडल्या बाल्कनीकडे पाहिलं.
वावरात काळोख, लांब कोणाची तरी मोटर सुरू.
आणि देवानंदचा हात,
झोपेतही पोराच्या सदऱ्याला धरलेला.
मी काही बोलले नाही.

सकाळी कोंबड्यांनी बाल्कनी उकरून टाकली होती.

आमूनं खोपीच्या भिंतीवर कोळशानं गोल काढला,
आपल्या उंचीवर. थोडा वेळ त्याच्यासमोर उभी राहिली.
मग ओल्या फडक्यानं पुसला, आणि खाली काढला.
"याले दिसाले नाही पाह्यजे?"

देवानंदनं फोन लावला. गोल काचेची, मधली, खालची.
आणि विचारलं, खिडकी फरशीपासून किती उंच?
एजंट म्हणे, हे आजवर कोणी विचारलं नाही,
मुंबईला विचारून कळवतो.

आज चौथा दिवस.
पैसे पोस्टातच आहेत.
फक्की पुसट झाली की संघदीप ती पुन्हा ओढतो,
जरा बाहेरून, जरा वाकडी,
त्यामुळे खोली रोज थोडी थोडी वाढतेय,
आणि दूधवाल्यालाही तो
दारातूनच ये म्हणतो.