कोटेशन

सोमवारी आलेलं कोटेशन
मंगळवारी शिळं झालं.
तळाशी बारीक अक्षरांत होतं: दर आज संध्याकाळपर्यंतच.
व्होरूच्या इस्पितळात डिसेंबरात
संध्याकाळ साडेतीनलाच होते.

मारिकाने आकडे दोनदा वाचले,
चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
सांगाडा, प्रोसेसर, पंखे, सगळं गेल्या वर्षीच्या भावात,
आणि मेमरीच्या सोळा पट्ट्या,
वीतभरही नाहीत लांबीला,
त्यांचे पैसे उरलेल्या सगळ्याच्या दुप्पट.
नाकापेक्षा मोती जड,
आणि मोती तरी कुठे आहे?
"सव्वीस आठवडे," विक्रेता म्हणाला,
"मोठ्यांनी कारखानेच आगाऊ उचललेत."
आवाजात ना खेद ना माज,
उद्या बर्फ पडेल म्हणावं तसा.

तार्वो तळघरात उतरला.
मोडक्या पाळण्यांमागे तीन भंगार सर्व्हर.
पट्ट्या उपसल्या, सोनेरी दात खोडरबराने घासले,
नमुन्याला आलेल्या नव्या बोर्डावर धरून पाहिल्या.
खाच अर्ध्या नखाने चुकत होती.
अर्धं नख!
मग जुन्याच यंत्रात कोंबल्या,
चल बाबा अजून एक वर्ष.

वर हेल्वे कुक्कच्या छातीचा एक्स-रे
पडद्यावर सावकाश उतरतोय,
आधी हासळीचं हाड, मग एकेक बरगडी.
"मशीन म्हातारं झालंय," डॉक्टर ओशाळतात.
"असू दे, मलाही नावं आठवायला वेळ लागतो.
माझं कोणी कोटेशन मागवत नाही."

खाली मारिका फायलीवर लिहिते, पुढच्या वर्षी.
पेन्सिलीने.