रद्द गठ्ठा

बाबा लोअर परळच्या एका प्रेसमध्ये कटिंगला होते,
आणि त्या डिसेंबरात एक देश मोडला
म्हणून आमच्या घरी पत्ते आले.
शेठ म्हणाले, पेडणेकर, हा माल आता कोण घेणार,
न्या पोरांना.
बावन्न नव्हते, एकशे चाळीस. एकेका पत्त्यावर एकेक देश:
झेंडा, आकार, राजधानी, क्षेत्रफळ, लोकसंख्या, सर्वांत लांब नदी.
कोपरे गोल करायचे राहून गेले होते,
पिसताना जग बोटांना टोचायचं.

खेळ सोपा. आकडा पुकारायचा, ज्याचा मोठा त्याचा हात.
ज्याच्याकडे सोव्हिएत, तो राजा:
दोन कोटी चोवीस लाख चौरस किलोमीटर.
प्रल्हाद तो पत्ता वाटतानाच ओळखायचा,
पाठीवर शाईचा अंगठा होता, बाबांचाच.
तो देश आता नाहीये, मी म्हणायचे.
पत्ता आहे ना, तो म्हणायचा
आणि हात उचलायचा.

आईला आकड्यांत रस नव्हता.
चिली हातात आली की ती टाकायचीच नाही.
एवढा लांब देश गं,
या टोकाचं लग्न त्या टोकाला कळवतात कसं?
त्या पत्त्यावर अजून हळदीचं बोट आहे, सँतियागोच्या थोडं खाली.

कुंदाला मात्र बारकेच देश यायचे.
माल्टा. लिख्टेनस्टाइन. नाउरू, एकवीस चौरस किलोमीटर.
(मुंबई शहरात तीन बसतील, बाबांनी हिशेब केला,
उपनगरं सोडून.)
एका रात्री ती पत्ते गुडघ्याखाली दाबून बसली,
म्हणाली, कमी पुकारलं तर चालेल का?
बाबांनी मशीनने अर्धं नेलेल्या आपल्या बोटाकडे पाहिलं.
चालेल, म्हणाले. कटिंगला कमीपण मोजतातच.

त्यानंतर सोव्हिएत कुणालाच नको झाला.
प्रल्हाद तो हळूच माझ्या गठ्ठ्यात सरकवायचा,
मी त्याच्या.

नाउरूच्या राजधानीपुढे नुसती रेघ होती.
बाबा म्हणाले, टाइप पडला असणार, आमच्याकडे होतं असं.
कुंदाने पेन्सिलीने लिहिलं: परळ.
सातवीत वाघधरे बाईंनी विचारलं, जगातल्या कुठल्याही
पाच राजधान्या सांगा,
आणि ती उभी राहून पाचवी म्हणून परळ म्हणाली.
वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, वहीत शेरा लिहिला.
दुसऱ्या दिवशी बाबा अर्धी पाळी टाकून शाळेत गेले,
चप्पल दाराबाहेर काढून:
मुलीची चूक नाही बाई. छपाईचा दोष आहे. आमच्या प्रेसचा.

पुढे प्रेस गेली. बाबा गेले.
प्रेसच्या जागी काच उभी आहे, चाळीस मजले,
तिचं क्षेत्रफळ मी कधी वाचलं नाही.

परवा खोली रिकामी केली, इमारत पाडायची म्हणून.
कपाट हलवलं तर डाव्या पायाखाली
चार घड्या घातलेला सोव्हिएत.
कुणी ठेवला, आठवत नाही. मीच असेन.
तेहतीस वर्षं कपाट डुललं नाही.
उघडून पाहिला: घड्यांनी चार तुकडे,
आणि उरलच्या पूर्वेला लोखंडी पायाचा गोल वण,
एखाद्या मोठ्या तळ्यासारखा.

कुंदाला फोन केला, ती ठाण्याला असते.
ती पत्त्याबद्दल काहीच बोलली नाही.
म्हणाली, ताई, मी शोधून पाहिलं,
नाउरूला खरंच राजधानी नाहीये. अधिकृत अशी नाहीच.
ती रेघ बरोबर होती.

मग बराच वेळ आम्ही दोघी फोनवर गप्प.
खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.
शाळेच्या दारात
चप्पल काढून उभा असलेला माणूस
कुणाच्याही चुकीची माफी मागत नव्हता.