लिस्बनची संत्री

हिल्डाच्या नजरेत आता मधोमध एक डाग आहे.
कडेकडेचं दिसतं म्हणते,
नेमकं बघायचं तेवढं दिसत नाही.
म्हणून यंदा पुस्तक माझ्या हातात.
मी वाचतो म्हणजे खणतो,
एकेक ओळ, गुडघ्यावर बसून,
आणि दगड लागला की तिला हाक मारतो.

केसमेंट?
खिडकी रे, बाहेर उघडणारी.
सेपल्कर?
थडगं. पण श्रीमंताचं.
स्पेक्टर?
भूत. हे मात्र कुणाचंही होतं.
ती विणता विणता सांगते, टाका न चुकवता.

तशी ही गोष्ट मला ठाऊक आहे.
अमॉस खाणीत राहिला त्या हिवाळ्यात
तिनंच वाचून दाखवली होती, रोज दहा पानं.
माझे दोन्ही हात पट्ट्यांत, झोप कुठली.
डरहॅमच्या या किनाऱ्यावर तेव्हा समुद्रही काळा,
लाटेबरोबर कोळशाची भुकटी यायची
आणि बायका ती बादल्यांनी भरून न्यायच्या.

माळावर एक दगडी घर.
बाहेरून मोजल्या तर सतरा खिडक्या, आतून सोळा.
थोरला भाऊ सगळ्यांशी गोड,
कुत्रा मात्र त्याला बघून शेपूट घालतो.
धाकटा एका रात्री दिसेनासा होतो.
मुलांना शिकवायला आलेली बाई मेणबत्ती घेऊन
ती सतरावी खिडकी शोधत हिंडते,
आणि शेवटी पत्र येतं :
धाकटा जहाजावर चढलाय, सुखरूप आहे,
लिस्बनच्या धक्क्यावर बसून संत्री खातोय.
संत्री मला पक्की आठवतात.
त्या वर्षी आम्ही एकही पाहिलं नव्हतं.

काल पान दोनशे बाराला पोचलो.
‘मग त्याने आपल्या भावाला इम्यूर केले.’
म्हटलं, इम्यूर म्हणजे ते भिंतीवरचं चित्रच ना?
तूच सांगितलं होतंस,
थोरल्यानं भावाचं चित्र काढून घेतलं, आठवण म्हणून.
सुया थांबल्या.
किटली शिट्टी घालत राहिली, कुणी उठलं नाही.

मी पुढं वाचत गेलो. पुढं विटा होत्या.
चुना होता, थापी होती,
आतून येणारा आवाज होता,
आधी नावानं हाक मारणारा,
मग नुसता ठोकणारा.
शब्द सगळे सोपे. एकही विचारावा लागला नाही.

चिणलं होतं पोराला. त्या सतराव्या खिडकीमागे.
शेवटपर्यंत पानं चाळली,
जहाज नाही, धक्का नाही,
संत्र्याची साल नाही.

आमच्याकडे तिसऱ्या दिवशी बोगदा बंद केला होता,
विटांनीच, आग पसरू नये म्हणून.
सात जण आत.
मॅनेजर म्हणाला, आत कुणी जिवंत नाही.
त्याला कसं कळलं, हे कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

बावन्न वर्षं मी त्या धाकट्याला धक्क्यावर बसवून ठेवलं होतं,
आणि कधी कधी, खरं सांगतो,
त्याच्या शेजारी अमॉसला.
पाय पाण्याकडे सोडून.

बऱ्याच वेळानं मी म्हटलं,
हा लिहिणारा कधी खाली उतरला नसावा.
लिहितो, अंधार काळाकुट्ट होता.
दिवा गेला की थोडा वेळ लाल असतो गं,
मग त्याला रंगच राहत नाही,
आणि पाण्याचा ठिबका एवढा मोठा होतो
की त्याच्याशी बोलावंसं वाटतं.

हिल्डानं मान वळवली,
डागाच्या कडेनं मला शोधलं.
म्हणाली, मलाही पुढचं माहीत नाही.
त्या पानाशी मी पुस्तक मिटलं होतं,
पुढं महिनाभर मनानंच वाचत होते.

आणि लिस्बन?
वाण्याच्या दारात रिकामं खोकं पडलेलं असायचं,
म्हणाली,
त्यावर छापलेलं होतं.